रीफ सॉल्टच्या बादलीत साधं मीठ : माझे ५२,१३० रुपये कसे गेले

मरीन टँक, म्हणजे समुद्री जीवांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतोय. रीफ सॉल्टची, म्हणजे टँकसाठी समुद्रासारखं पाणी बनवायच्या मिश्रणाची, नवी बादली उघडली की ते पाणी टँकमध्ये जाण्याआधी त्याची अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) मोजा. नुसता खारटपणा मोजून थांबू नका. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) हजारात ३५ भाग मीठ, म्हणजे ३५, आलं म्हणजे पाणी तयार, असं आपण सगळेच धरून चालतो, आणि नेमक्या याच समजुतीवर एक माणूस मुंबईत राजरोस धंदा करतोय.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी नाव घ्यायला सक्त मनाई केली आहे. पण दुकान कालपरवाचं नाही, आणि मीही या छंदात नवखा नाही. याच माणसाकडून मी आरओचे फिल्टर घेतलेत, क्लाउनफिशची जोडी घेतली, लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेला समुद्री दगड) घेतला. कधी एका पैशाची तक्रार नव्हती. म्हणून "स्वस्तात मिळतंय म्हणून धावला असाल" असं मला कुणी ऐकवू नका. ९,६०० ची बादली ७,२०० ला. बिल न घेतलं तर जीएसटी तिथेच सुटतो, वर माल थेट कंटेनरमधून आलेला. एवढा फरक या धंद्यात रोज पडतो. तुम्हीही घेतलं असतंत.

त्याचा फोन आला, "सर, कंटेनर उतरलाय, दोन बादल्या तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो, उद्या राहणार नाहीत." दोन बादल्यांचे १४,४०० यूपीआयने दिले आणि ठाण्यापर्यंत टेम्पोचे ४८० वेगळे. बाहेरच्या नामांकित कंपनीची बादली, २२ किलोची, वजन काट्यावर बरोबर. (कंपनीचा यात काडीचा दोष नाही, तीही यात फसलेलीच आहे.)

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं तापतं. या बादल्यांच्या झाकणाला कडेने प्लास्टिकची पट्टी असते. ती ओढून तोडल्याशिवाय झाकण पहिल्यांदा निघत नाही. माझ्या बादलीला ती पट्टी नव्हती. तिच्या जागी पारदर्शक चिकटपट्टी, अगदी नीट, एकाच वेढ्यात गुंडाळलेली. मी तिथल्या तिथे विचारलं. तो म्हणाला, "सर, कस्टमवाले प्रत्येक लॉटमधली एखादी उघडून बघतात, परत टेप लावून देतात." एक क्षणही न अडखळता म्हणाला. दुसऱ्या बादलीलाही तीच टेप होती! एखादी उघडतात तर दोन्ही कशा उघडल्या, हा प्रश्न घरी आल्यावर पडला. आतली पिशवी वर पिळून सुतळीने बांधलेली होती. आयात केलेल्या मालाला सुतळी? त्या संध्याकाळी माझ्या हातात ती सुतळी होती आणि मी ती कात्रीने कापून बाजूला टाकली. ओळखीचा माणूस, इतक्या वर्षांचा व्यवहार, त्याच्यावर संशय घ्यायला सुतळीचा तुकडा पुरत नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. पण पुरायला हवा होता.

पाणी कालवलं. आरओचं पाणी, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), हीटर, सगळं नेहमीसारखं. मीठ झटकन विरघळलं, पाणी लगेच नितळ झालं, पिंपाच्या तळाशी करड्या मातीसारखा गाळ राहिला. गाळ चांगल्या सॉल्टमध्येही थोडा राहतो, आणि काही चांगली सॉल्ट लगेच नितळ होतात, म्हणून यावरून काही कळायला मार्ग नव्हता. रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर. ३०० लिटरच्या टँकमध्ये ६० लिटर बदललं.

खारटपणाच्या आकड्यात ही लबाडी का दिसत नाही, हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. समुद्राचं पाणी मिठागरात आटवलं की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बरंचसं शेवटपर्यंत द्रवातच राहतं आणि मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या कडू पाण्यासोबत निघून जातं. म्हणजे खाडीकाठचं खडेमीठ समुद्रातूनच आलेलं असलं तरी त्यात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कॅलिनिटी नावापुरतीच राहते. रीफ सॉल्ट म्हणजे ही सगळी द्रव्यं योग्य प्रमाणात परत घातलेलं मिश्रण, पैसे त्याचेच असतात. रिफ्रॅक्टोमीटर फक्त पाण्यातून प्रकाश किती वाकतो ते बघतो. त्याला साधं मीठही चालतं.

आधी टर्बो जातीच्या गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडू लागल्या. सरळ करून ठेवल्या तरी परत पडत. पुढच्या वेळी पुन्हा ६० लिटर बदललं, तेच सॉल्ट. क्लीनर श्रिंप (कोळंबी) कात टाकताना अर्ध्यात अडकून मेली, मागोमाग दुसरी. दगडावरचं जांभळं कोरलाइन शेवाळ कडेकडेने पांढरं पडत चाललं. मासे मात्र खात होते, पोहत होते, त्यामुळे पाण्याचा संशय येत नव्हता.

मी त्यालाच फोन केला. त्याच माणसाला! तो म्हणाला, आरओचा मेंब्रेन गेला असेल, बदला. बदलला, डीआय रेझिनसकट (आरओनंतर उरलेले क्षार काढणारे दाणे) ३,३०० रुपये. तो म्हणाला, पन्नास टक्के वॉटर चेंज करा, टँक सावरेल. टँकमध्ये काही बिघडलं की मोठा वॉटर चेंज करा, हा सल्ला आपण सगळे एकमेकांना देतो, म्हणून मी १५० लिटर बदललं. त्याच बादलीतून. लेदर नावाचं मऊ कोरल मिटलं ते उघडलंच नाही, बुडापासून काळं पडून गळायला लागलं. झेनिया या दुसऱ्या मऊ कोरलचा एका रात्रीत चिखल झाला. मग त्याने मला ट्रेस एलिमेंट्सच्या (सूक्ष्म द्रव्यांच्या) दोन बाटल्या विकल्या, १,८५० आणि २,१०० रुपयांना. स्वतः विष द्यायचं आणि वर औषधाचे पैसे घ्यायचे. या बाटल्यांचा राग मला बादल्यांपेक्षा जास्त आहे.

शेवटी मित्र त्याचं टेस्ट किट घेऊन आला. (सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये अल्कॅलिनिटी फारशी खर्च होत नाही, म्हणून दर आठवड्याला कुणी मोजत बसत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.) टँकचं पाणी : अल्कॅलिनिटी ३.८ डीकेएच (अल्कॅलिनिटी मोजायचं एकक), कॅल्शियम लिटरमागे १७५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ४८०. समुद्रात हे आकडे साधारण ७, ४१० आणि १,३०० असतात. मग त्याने पिंपातलं नवं कालवलेलं पाणी घेतलं. छोट्या बाटलीत चार मिली पाणी, दोन थेंब रंग, सिरिंजमध्ये रसायन. चांगल्या पाण्याला थेंब टाकत हात अवघडतो. इथे निळसर रंग चार-सहा थेंबांत लालसर झाला. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. १.७. कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ९०. दुसऱ्या दुकानातून, बिल घेऊन, त्याच कंपनीची बादली आणली, ३५ वरच कालवली. अल्कॅलिनिटी ८. प्रयोगशाळेत दोन्ही नमुने दिले, २,४०० रुपये, अहवाल हातात आहे.

बादली खरी, आतला माल खोटा. हे कसं जमतं? टँकची देखभाल करणारी मुलं रिकाम्या बादल्या परत नेतात. हाच माणूस मला म्हणायचा, "रिकामी बादली आणा सर, दोनशे कमी करतो." आम्ही खुशीने द्यायचो. आता एकही रिकामी बादली धड अवस्थेत घराबाहेर देऊ नका. झाकणाला भोक पाडा, बॅच नंबरचं लेबल खरवडून टाका.

आता तक्रारीचं सांगतो.

पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या साहेबांचं पहिलं वाक्य, "मिठासाठी तक्रार? वाण्याकडे पंचवीस रुपयांत मिळतं की." दुसरं, "मुंबईला समुद्र आहे, चार कॅन भरून आणा." खाडीत शहराचं सांडपाणी मिसळतं हे त्यांना मी सांगायचं का? मग म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत नाही. हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर म्हणाले, तुम्ही राहता तिथे द्या, आणि हा दिवाणी मामला आहे. बनावट माल खरा म्हणून विकणं हा दिवाणी मामला? पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, त्याला फसवणूकच म्हणतात. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झीरो एफआयआरची तरतूद कायद्यात आहे, हे मी छापून नेलं होतं. कागद वाचलासुद्धा नाही. लेखी अर्ज घेतला, पोचही दिली नाही.

सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तू मिळाली आहे, आमच्यात बसत नाही. वजनमापांच्या कार्यालयात सांगितलं की वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर नाही. असा माल विकणंच नियमाविरुद्ध आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि पुढच्या श्वासात बिल मागितलं. बिल असतं तर यांच्याकडे कशाला गेलो असतो? फोनवरच्या ग्राहक तक्रारीला "व्यापाऱ्याकडून प्रतिसाद नाही" असा शेरा मारून तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. प्रतिसाद नाही म्हणून निकाली! म्हणजे व्यापाऱ्याने फोन उचलला नाही की तो सुटला.

आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट. दुकानदाराला जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तक्रार कराल तर तुमच्या टँकमध्ये काय काय आहे तेही विचारतील." दुसऱ्या ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला! "कोरल ठेवता? ते बेकायदा आहे ना?" रीफ बांधणारी दगडी कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ती माझ्याकडे नाहीत. लेदर कोरल, मशरूम कोरल आणि झोअँथिड त्या यादीत नाहीत. पण तक्रारदारालाच आरोपीसारखं उभं केलं की निम्मे लोक घाबरून परततात. हे दुकानदाराला पक्कं माहीत आहे. ज्यांच्याकडे दगडी कोरल आहेत ते तर तोंडच उघडू शकत नाहीत, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच आहे.

हिशेब मांडतो. बादल्या १४,४००, टेम्पो ४८०, मेंब्रेन-रेझिन ३,३००, बाटल्या ३,९५०, प्रयोगशाळा २,४००, खरी बादली ९,६००. मेलेले जीव : दोन श्रिंप ३,६००, टर्बो १,५००, लेदर ४,५००, झेनिया १,८००, झोअँथिडच्या तीन वसाहती ६,६००. एकूण ५२,१३०.

जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि मेसेज जपून ठेवा. त्याने "सर, ओरिजिनल आहे" असं लिहून पाठवलेला मेसेज माझ्याकडे आहे, तोच आता कामाला येतोय. आणि माल संपवू नका. दोष तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. माझी दुसरी बादली टेपसकट तशीच कपाटात आहे.

ज्यांनी अलीकडे पट्टीऐवजी टेप लावलेली बादली घेतली आहे, त्यांनी आज वॉटर चेंज करू नये. लिटरभर पाणी वेगळं कालवा, ३५ वर आणा, अल्कॅलिनिटी बघा. सहाच्या खाली आली तर बादलीचे चारही बाजूंनी फोटो काढा, बॅच नंबर लिहून ठेवा, दुकानदाराला अजून काही कळू देऊ नका, आणि टँकची अल्कॅलिनिटी एका दिवसात वर ढकलू नका. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त नाही. माझी उरलेली मशरूम कोरल या वेगानेच वाचली आहेत.