तीन आययूआय, एक आयव्हीएफ आणि उरलेले ७५ युनिट

दीड वर्षानंतर लिहितेय. नळ्या मोकळ्या, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ठीक, ह्यांचा शुक्राणूंचा काउंट उत्तम, फाइलवर लिहिलंय 'अनएक्स्प्लेन्ड', कारण सापडत नाही. म्हणजे सगळं बरोबर आहे, फक्त दिवस राहत नाहीत.

आधी तीन आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं. अंडं वाढवायला लेट्रोझोलच्या गोळ्या, सोनोग्राफी, अंडं सुटायला ट्रिगरचं इंजेक्शन, छत्तीस तासांनी पाच मिनिटांचं काम, की घरी. प्रत्येकी बारा-तेरा हजार. तिन्ही वेळा पाळी आली. मग आयव्हीएफ, म्हणजे अंडी बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करणं, एक लाख ऐंशी हजार, 'औषधं वेगळी'. माझं भांडण ह्या शेवटच्या दोन शब्दांशी आहे.

अंडी वाढवणारं इंजेक्शन पेनसारख्या सिरिंजमध्ये भरलेलं येतं, डोस रोज २२५ युनिट. मेडिकलमध्ये ९०० चं पेन संपलेलं, म्हणून ३०० ची घेतली. नर्स म्हणाली, "उरलेलं टाकून द्या, रोज नवीन फोडा." चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी ह्यांनी आतला कागद वाचला. उघडलेलं पेन २८ दिवस चालतं! डोस मध्येच संपला तर किती युनिट कमी पडले तो आकडा पेनवर दिसतो, तेवढे पुढच्या पेनमधून घ्यायचे. एक सुई जास्त टोचते, एवढंच. पंचाहत्तर चोक तीनशे. अख्खं पेन कचऱ्यात! वेलचीची सालंही चहात टाकणारी बाई मी. क्लिनिकमध्ये सांगितलं तर, "मॅडम, एवढ्या खर्चात ह्याचं काय?" सासूबाईंना तर अजून सांगितलेलं नाही.

खरं तर 'आययूआय म्हणजे पैसे पाण्यात, थेट आयव्हीएफ करा' असंच लिहिणार होते. २०१३ मध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही अशा जोडप्यांना सरसकट आययूआय देऊ नका म्हटलं होतं. पण न्यूझीलंडचा २०१८ चा अभ्यास वाचला : २०१ जोडपी, गोळ्यांसह तीन आययूआय केलेल्यांत ३१ टक्के बाळंतपणं, नुसतं थांबलेल्यांत ९. नेदरलँड्समध्ये औषधांसह सहा आययूआयनी ४७ टक्के आणि एका वेळी एकच गर्भ गर्भाशयात सोडून केलेल्या तीन आयव्हीएफनी ५२ टक्के जोडप्यांना निरोगी मूल झालं. मग मी शब्द मागे घेतले. वय हाताशी असेल तर आधी आययूआयच करा. आमचं नशीब त्या उरलेल्यांत निघालं, त्याला आययूआय काय करणार?

इक्सीचे, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याचे, जादा पैसे मात्र दिले नाहीत. काउंट चांगला असताना कशाला?

अकरा अंडी निघाली, चार गर्भ झाले. पहिलं ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, फसलं, तीन गोठवून ठेवलेत. पुढच्या महिन्यात दुसरं. त्याला पेन नाही, आधी गोळ्याच आहेत. मोजून आणल्यात.