तीन बँडचा ट्रान्झिस्टर: आजारपणाच्या रजेपासून आजपर्यंत

पावसाळ्यात टायफॉईड झाला तेव्हा हा सेट मागवला. ताप उतरला तरी डॉक्टर बँकेत जाऊ देईनात, आणि मोबाइलकडे पाहिलं की डोकं ठणकायचं. तेव्हापासून तो रोज चालू आहे. मी अमळनेरचा, त्यामुळे माझ्यासाठी रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह, आकाशवाणीचा तो जुना पट्टा, आणि ९६३ किलोहर्ट्झवरचं जळगाव केंद्र. एफएम, ब्लूटूथ सगळेच देतात, त्यावर वेळ घालवत नाही.

बोलणं ऐकायला सेट उत्तम. अहिराणी कार्यक्रम असो की शेतकऱ्यांसाठीची माहिती, शब्द न् शब्द कळतो. काटा हलवायचं चाक अंगठ्याला पडल्या पडल्या सापडतं. अंगात त्राण नसताना याचं मोल फार.

पण चार्जर! तो लावला की मीडियम वेव्हवर घर्रर्र सुरू. एफएमला काही होत नाही. स्वस्तातल्या चार्जरमधला विद्युत गोंगाट गाळलेला नसतो आणि मीडियम वेव्ह तो जसाच्या तसा उचलते. सुरुवातीला चालून जायचं, कारण रात्री चार्ज केलेली बॅटरी दिवसभर पुरायची. आता ती दुपारीच मान टाकते. म्हणजे चार्जर लावा आणि घरघर ऐका, नाहीतर गप्प बसा. सेट दुरुस्तीला दिला तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "भाऊ, आते मीडियम वेव्ह कोन ऐकस? अॅप टाकी ल्या." मी ऐकतो ना! त्यासाठीच तर पैसे मोजले. सेट परत आला तो ‘तपासला, ठीक आहे’ अशी चिठ्ठी लावून. तपासला असणार एफएमवर.

मागे पेन्सिल सेलची जागा आहे म्हणून निभावलं. सेलवर आवाज एकदम निर्मळ, इतका की सेट टाकून द्यावासा वाटत नाही. पण सेलचा खर्च मी का सोसायचा?

ज्यांनी घेतलाय त्यांच्यासाठी: वरची एरियलची काडी कितीही ओढा, मीडियम वेव्हला फरक पडत नाही. ती एफएम आणि शॉर्टवेव्हची. मीडियम वेव्हसाठी आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी असते, तीच तिची एरियल. तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज बसतो, आडवी झाली की खुलतो. म्हणून सेटच फिरवून पाहा. जवळचे एलईडी दिवेही बंद करा. रात्री ५५८ वर मुंबईची अस्मिता वाहिनी लागते, दिवसा नाही. दिवसा या लहरी शोषणारा वातावरणातला थर अंधार पडल्यावर विरतो.

पाहुण्यांकडचा जुन्या मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, घरघर बरीच कमी झाली. म्हणजे खोट सेटसोबत आलेल्या चार्जरमध्येच आहे. तसं लिहून पुन्हा तक्रार टाकली आहे: चार्जर बदलून द्या, नाहीतर त्याचे पैसे परत करा.