फॅबफिल्टर प्रो-डीएस: टोचणारे ‘स’ आणि ‘श’ आवरण्यासाठी

पंचवटीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत सगळ्यात जास्त काम येतं ते देवीच्या गाण्यांचं. चैत्रातली यात्रा किंवा नवरात्र जवळ आलं, की वणीच्या गडावरच्या सप्तशृंगीची भजनं रेकॉर्ड करायला मंडळी येऊ लागतात. आता ‘सप्तशृंगी’ हाच शब्द घ्या. आधी स, लगेच शृ. ‘स’ची धार साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, ‘श’चा फुत्कार त्याच्या खाली, ३-४ पासूनच सुरू होतो. त्यात गायिका माइकला चिकटून गाते, कंडेन्सर माइक वरच्या पट्ट्यात मुळातच झगझगीत, आणि मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर लावला की स्वर दबतात, स आणि श मात्र डोकं वर काढतात.

असे टोचणारे स-श दाबणाऱ्या साधनाला डी-एसर म्हणतात. साधा डी-एसर ठरवून दिलेल्या पट्ट्यात आवाज किती वाढला एवढंच बघतो. ६ किलोहर्ट्झला लावला तर श निसटतो. खाली ओढला तर तार सप्तकातला खुला ‘आ’सुद्धा चेपला जातो.

फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-डीएस हा डी-एसर प्लगइन आहे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं साधन. त्याचा ‘सिंगल व्होकल’ मोड मला आवडतो तो इथे. तो गळ्यातले सिबिलंट, म्हणजे स-शसारखे फुत्कार, ओळखून तेवढ्यांनाच हात लावतो, आणि कुठे हात लावला ते वेव्हफॉर्मवर वेगळ्या रंगात दिसतं. मी ‘सप्तशृंगी’ एवढाच तुकडा लूपवर टाकते, हेडफोनचं चिन्ह दाबून डी-एसरला काय ऐकू येतंय ते ऐकते आणि श पकडला जाईपर्यंत खालची मर्यादा उतरवते. मग रेंज, म्हणजे जास्तीत जास्त किती दाबायचं ते, ६ डीबीवर ठेवून थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या पातळीपासून दाबायचं ते, लावते. रेंज १० च्या पुढे नेली की ‘सप्त’चं ‘थप्त’ होतं, चांगली गाणारी बाई बोबडी वाटायला लागते. देवीच्या नावात मला ते अजिबात चालत नाही. ‘नाचते’मधला च मी शक्यतो सोडून देते, तो दाबला की शब्दाचा ठसकाच जातो.

कोरसच्या ट्रॅकवर टाळही असतात. तिथे ‘ऑलराउंड’ मोड आणि स्प्लिट बँड. फक्त वरचा भाग खाली येतो, आवाजाचं अंग तसंच राहतं. एकट्या गळ्यावर मात्र मला वाइड बँडच, म्हणजे त्या क्षणी सगळाच आवाज खाली घेणं, जास्त नैसर्गिक वाटतो.

रिव्हर्बच्या, म्हणजे घुमाऱ्याच्या, सेंडवर (त्याच्याकडे वेगळ्या पाठवलेल्या आवाजावर) मी दुसरा प्रो-डीएस लावते, रिव्हर्बच्या आधी, आणि तिथे रेंज बिनधास्त वाढवते. बोबडेपणा तिथे कळत नाही, पण ‘स’चे शिंतोडे उडायचे थांबतात. गडाच्या वाटेवर ही गाणी कर्ण्यांवर वाजतात, म्हणून मी त्यासाठी एवढा जीव टाकते.

एखादाच स फार तिखट आला असेल तर त्याच्यासाठी सगळ्या गाण्याचा थ्रेशोल्ड खाली आणू नका. तो स कापून हातानेच ३-४ डीबी खाली घ्या. आणि टेकच्या वेळी माइक तोंडासमोरून किंचित तिरका केलात तर निम्मं काम तिथेच होतं.

प्लगइन विकतचं आहे आणि छोट्या स्टुडिओला किंमत जाणवते. ३० दिवसांची पूर्ण ट्रायल मिळते, तिच्यात तुमच्याच गायकांवर वापरून बघा. बजेट नसेल तर टीडीआर नोव्हाची मोफत आवृत्ती घ्या. तो डायनॅमिक ईक्यू आहे, म्हणजे ठरावीक पट्टा गरजेपुरताच दाबतो. त्यात ४ बँड आहेत, एक ‘स’ला आणि एक ‘श’ला द्या. वेळ जास्त जातो, पण काम होतं.