ऑटो डिजिटायझिंग की हाताने पंचिंग?

मशीन एम्ब्रॉयडरीसाठी चित्राचे टाके ठरवताना (यालाच डिजिटायझिंग किंवा पंचिंग म्हणतात) ऑटोवर, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप दिलेल्या टाक्यांवर विसंबायचं की एकेक आकार स्वतः काढून त्याला टाके द्यायचे? मी दोन्ही वापरून पाहिलं आहे आणि कामाप्रमाणे आजही वापरतो.

आधी ऑटोची बाजू. सपाट रंगांचा, ठसठशीत आकारांचा लोगो असेल आणि तो व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या फाइलमध्ये) मिळाला असेल, तर ऑटो खरंच झटपट काम करतं. गिऱ्हाइकाला अंदाज दाखवायला तेवढं पुरतं. पण चित्र जेपीजी असेल, तर दोन रंगांच्या सीमेवरच्या पुसट पिक्सेलनाही ते वेगळा रंग समजतं आणि नको तिथे बारीक तुकडे टाकतं. म्हणजे रंग कमी करणं, कडा साफ करणं हे आलंच. तो वेळ ऑटोमुळे वाचत नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा कौल ठरला तो फटीवर.

पिवळ्या फिलभोवती (टाक्यांनी भरलेल्या भागाभोवती) काळी आउटलाइन घ्या. स्क्रीनवर दोन्ही एकमेकांना अगदी चिकटून दिसतात. शिवताना मात्र दोरा कापडाला टाक्याच्या दिशेने आत ओढतो आणि त्याच्या काटकोनात थोडं बाहेर ढकलतो. आडव्या टाक्यांनी भरलेलं वर्तुळ रुंदीला आक्रसतं, उंचीला किंचित वाढतं. आउटलाइन आपल्या जागी बसते आणि दोन्ही कडांना मधून कापड डोकावतं. मी वापरलेलं ऑटो आकार कडेला कड लावून ठेवायचं, त्यामुळे ही फट मला सारखी भेटायची. पुल कॉम्पेन्सेशन (ही ओढ भरून काढायला आकार थोडा वाढवण्याची सोय) वाढवलं की फट कमी होते, हे खरं. पण ते सरसकट वाढवलं, तर लहान अक्षरांची पोटं बुजतात.

हाताने करताना जिथे टाक्यांची टोकं संपतात, त्या बाजूंनाच मी फिल आउटलाइनच्या खाली सुमारे एक मिलिमीटर सरकवतो आणि उरलेल्या दोन बाजूंना जेमतेम. शेजारच्या दोन फिलना वेगळे कोन देतो, म्हणजे सगळी ओढ एकाच दिशेला जात नाही. टोपीवरचं काम असेल, तर क्रम मध्यापासून बाहेर लावतो, म्हणजे कापडाचा फुगवटा कडेकडे सरकत जातो. हे ठरवायला कापड डोळ्यांसमोर असावं लागतं, आणि सॉफ्टवेअरला तर फक्त चित्र दिसतं.

वेळ जास्त लागतो, हे मान्य. सुरुवातीला तर फारच. पण शिकण्यासाठी महागडं सॉफ्टवेअर हवंच असं नाही. इंकस्केपवर चालणारं इंक/स्टिच मोफत आहे आणि सॅटिन (अरुंद पट्ट्यांचे दाट टाके), फिल, अंडरले (वरच्या टाक्यांखालचा आधाराचा थर) हे सगळं त्यात हाताने लावता येतं.

ऑटो करून मग हाताने दुरुस्त करावं, असं काही जण सुचवतात. माझा अनुभव वेगळा आहे. आकारांवर इतके नोड (कडेवरचे बिंदू) पडलेले असतात की ते आवरण्यापेक्षा नवा आकार काढणं मला सोपं जातं. तुमचं सॉफ्टवेअर याबाबत बरं असू शकेल.

बारीक अक्षरांचा मुद्दा वेगळाच. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्यात पाच मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची अक्षरं ट्रेस करू नका. लहान मापासाठी बनवलेला तयार फॉन्ट घ्या, किंवा ६० नंबरचा, म्हणजे त्याहून बारीक दोरा आणि बारीक सुई.

जाड डेनिम किंवा कॅनव्हासवर, आउटलाइन नसलेलं साधं चिन्ह असेल, तर ऑटोने भागेल. तिथे कापड फारसं सरकत नाही. पण टी-शर्ट, पिके (पोलो शर्टचं कापड), टोपी किंवा आउटलाइन असलेलं काहीही असेल, तर मी तरी हातानेच करा म्हणेन. वेळ नसेल तर निदान आउटलाइन आणि तिला लागून असलेले फिल एवढे तरी स्वतः काढा, आणि आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच बॅकिंगसह (कापडाखाली लावायच्या आधारासह) शिवून बघा.