कोरड्या डोळ्यांसाठी पापण्यांचा शेक आणि मसाज: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

आधीच सांगते, मला फरक पडला. पण जितका मसाजने पडला, त्याहून जास्त शेकाने. नुसता मसाज करायचा विचार असेल तर पुढचं जरूर वाचा.

मी मुद्रितशोधन करते, म्हणजे दिवसभर स्क्रीन आणि वर एसीचा झोत. दुपार कलली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, अक्षरं धूसर व्हायची, पापणी मिटून उघडली की क्षणभर स्पष्ट दिसायचं. मधूनच घळाघळा पाणीही यायचं. कोरड्या डोळ्यांना पाणी कसं, हे डॉक्टरांनी छान समजावलं. डोळा चुरचुरला की आपोआप पाणी सोडतो, पण वर तेलाचा थर धड नसेल तर ते पाणी लगेच उडून जातं. त्यांनी डोळ्यांत रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर अश्रूंचा थर १० सेकंदही टिकत नव्हता. खालच्या पापणीची कड हलकेच दाबली तेव्हा नितळ तेलाऐवजी पांढरट, घट्ट स्राव वर आला.

हे तेल पापणीतल्या माइबोमियन ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात आणि त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या अगदी आतल्या बाजूला उघडतात. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं हे तेल आतच घट्ट होतं. म्हणून आधी ते वितळवायचं आणि मग बाहेर काढायचं. थंड पापण्यांवर कितीही बोटं फिरवली तरी हाती फारसं काही लागत नाही.

गरम पाण्यातला रुमाल दोन मिनिटांत निवतो, त्यामुळे तो मी सोडला. सुती कापडाची छोटी पिशवी शिवून त्यात कच्चे तांदूळ भरले. मायक्रोवेव्हमध्ये थोडी गरम करते, हलवून घेते आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते. साधारण ४० अंशांची सोसवेल अशी ऊब हवी, चटका अजिबात नको. डोळे मिटून आठ-दहा मिनिटं ठेवते. पिशवी उचलल्याबरोबर मसाज, कारण पापण्या लगेच थंड पडतात. हात धुतलेले, नखं कापलेली. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने, बोटाच्या पेराने संथपणे निपटायची. दाब पापणीवर हवा, डोळ्यावर नको. शेवटी ओल्या स्वच्छ कापसाने कड पुसते. गोल गोल चोळणं कुणी सांगितलं तरी करू नका. डोळे जोरात चोळण्याचा संबंध केराटोकोनसशी आहे, त्यात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे येतो.

सुरुवातीचे काही आठवडे शेकापुरतं बरं वाटायचं, बस्स. खरा बदल गणपतीच्या आसपास जाणवला. सकाळी पापण्या चिकटेनाशा झाल्या, थेंबांची बाटली जास्त दिवस पुरू लागली. थेंब बंद झालेले नाहीत. मला दिवसातून बऱ्याचदा लागायचे, म्हणून डॉक्टरांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले दिले होते, तेच चालू आहेत. दिवाळीत गावी शेक राहिला आणि खुपणं परतलं, म्हणजे हे रोजचं काम आहे. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, अर्धवट मिटतो, तेही सुधारावं लागतं. प्रत्येक पान संपलं की मी काही वेळा पूर्ण, सावकाश मिटते. बसमध्ये एसीची खिडकी तोंडावर असली तर मात्र आजही त्रास होतो.

डोळा लाल होऊन दुखत असेल, नजर अचानक कमी झाली असेल, रांजणवाडी ठणकत असेल, तर घरी काही न करता थेट डॉक्टरांकडे जा. काचबिंदू असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय दाब नकोच. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालंय. तिलाही पिशवी हवी आहे, पण पुढच्या तपासणीत तिच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच शिवून देणार आहे.