लिनक्सवर थ्रीडी: शटर चष्मा घ्यावा की पट्ट्यांचा मॉनिटर?

प्रथिनांची रचना उभी करणाऱ्याला चष्म्याचा थ्रीडी पडदा अजूनही लागतो, पण तो नवा सहज मिळत नाही. इलेक्ट्रॉन घनतेच्या जाळीत (म्हणजे प्रयोगातून मिळालेल्या रेणूच्या नकाशात) प्रथिनाची साखळी बसवताना कुठली शाखा पुढे आणि कुठली मागे हे सपाट पडद्यावर कळायला मॉडेल सारखं फिरवत बसावं लागतं. थ्रीडीत ते एका नजरेत दिसतं. जुन्या सामानाच्या बाजारात यासाठी मुख्यतः दोन प्रकार सापडतात: एन्व्हिडियाचा ३डी व्हिजन संच, म्हणजे डोळ्यांपुढची झडप आळीपाळीने उघडणारा शटर चष्मा आणि त्याला इशारा देणारा एमिटर, किंवा झालमन, एलजी यांचे ओळीओळीने ध्रुवीकरणाची फिल्म लावलेले, म्हणजे पट्ट्यांचे मॉनिटर. मी दोन्ही वापरलेत, दोन्ही लिनक्सवरच. तुम्ही घेण्याच्या विचारात असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

चित्राचं म्हणाल तर ३डी व्हिजन सरस, यात वाद नाही. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर डाव्या-उजव्या डोळ्याची चित्रं आळीपाळीने येतात, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला पडद्यावरची प्रत्येक ओळ मिळते. माझ्याकडे सॅमसंगचा २२३३आरझेड होता. त्यावर कूट या रचना बसवण्याच्या प्रोग्राममधली बारीक जाळी इतकी स्वच्छ दिसायची की पहिल्या दिवशी मी जेवायला उठलोच नाही.

लिनक्सवर मात्र एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरला साधं जीफोर्स ग्राफिक्स कार्ड चालत नाही, व्यावसायिक कामाचं क्वाड्रोच लागतं. तेही मागे तीन पिनांचं गोल सॉकेट असलेलं, कारण एमिटरची एक वायर यूएसबीत आणि दुसरी थेट कार्डात जाते. मी जुनं क्वाड्रो ४००० घेतलं. एक्सऑर्गच्या, म्हणजे लिनक्सवर पडदा सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरच्या, कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टिरिओ’ला १० हा आकडा द्यायचा आणि खिडक्या एकत्र रंगवणारं कंपोझिट एक्स्टेन्शन बंद करायचं. कंपोझिट गेलं की नोम डेस्कटॉपही गेला, म्हणून मी ओपनबॉक्स या साध्या विंडो मॅनेजरवर आलो. इथवर सगळं मान्य होतं. एकदाच बसायचं आणि जुळवून टाकायचं.

बिनसलं ते एमिटरवरून. तो एक्स सर्व्हर सुरू होण्याआधीच जोडलेला असावा लागतो. नंतर जोडलेला चालत नाही, आणि मध्येच सुटला तर परत जोडून उपयोग नाही. डब्यासारखी ती छोटी वस्तू मॉनिटरखाली ठेवलेली, मिनी यूएसबीचं टोक जुनं होऊन सैल झालेलं. कीबोर्ड पुढे ओढला, वायरीला धक्का लागला, की चष्म्याची झडप थांबायची आणि पडद्यावर दोन चित्रं एकमेकांत घुसलेली दिसायची. मग सगळे प्रोग्राम बंद करा, लॉगआउट व्हा, एक्स पुन्हा सुरू करा. कूट स्वतः बॅकअप ठेवतं, म्हणून मॉडेल वाचायचं. पण आपण साखळीतल्या कुठल्या अवशेषापाशी (अमिनो आम्लापाशी) होतो, कुठला कोन धरला होता, मनात काय चाललं होतं, ते सगळं विस्कटायचं. एका आठवड्यात असं चारदा झालं. मी वायर टेबलाला चिकटपट्टीने बांधली, तरी पाचव्यांदा झालं. माझा निर्णय तिथेच झाला.

जीफोर्सवाल्यांसाठी लिबएनव्हीएसटीयूएसबी ही मुक्त लायब्ररी आहे. एमिटरचं यूएसबी बोलणं उलगडून ती लिहिली आहे, आणि तिला एमिटरचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढून द्यावं लागतं. काम कौतुकाचं आहे. पण तिथे कोणत्या डोळ्याची पाळी हे सॉफ्टवेअर सांगतं, त्यामुळे एखादी फ्रेम चुकली की डोळे अदलाबदल होतात. जड मॉडेलवर माझं डोकं दुखायला लागायचं.

शिवाय क्वाड्रो ४०००ला ३९० मालिकेचाच ड्रायव्हर लागतो, आणि त्याची दुरुस्ती २०२२ मध्ये थांबली. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलं जात नाही. मग कर्नल गोठवून ठेवा, नाहीतर कुणाचे तरी पॅच शोधा.

आता झालमन. माझा २२ इंची झेडएम-एम२२०डब्ल्यू. पडद्यावरच्या ओळी आलटून-पालटून उलट दिशांनी वर्तुळाकार ध्रुवित केलेल्या, एक ओळ डाव्या डोळ्याची, पुढची उजव्या. कार्ड कुठलंही चालतं. मी इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवर, मुक्त ड्रायव्हर ठेवून चालवतो. रेणू दाखवणाऱ्या पायमॉल प्रोग्राममध्ये ‘स्टिरिओ बायरो’ एवढं लिहिलं की झालं, कूट आणि कायमेरा या प्रोग्रामांतही सोय आहे. चष्म्याला बॅटरी नाही. मल्टिप्लेक्समधून आणलेला थ्रीडी चष्माही माझ्या मॉनिटरवर बिनतक्रार चालला.

याच्या खोडी आहेत. १०५० ओळींतल्या प्रत्येक डोळ्याला ५२५च मिळतात, त्यामुळे अक्षरं तुटक दिसतात. मान थोडी वर-खाली झाली तरी दुसऱ्या डोळ्याच्या चित्राची सावली दिसते. माझ्या उंचीला जमेपर्यंत मॉनिटरखाली दोन जाड ठोकळे घालावे लागले. आणि खिडकी एका ओळीने जरी वर सरकली तर काही प्रोग्रामांत डोळे उलटतात, मागचा पाण्याचा रेणू साखळीच्या पुढे येऊन बसतो. पण त्यावर उपाय हाताशी आहे: पूर्ण पडदा करा, नाहीतर पायमॉलमध्ये ‘स्टिरिओ स्वॅप’ द्या. काम उघडंच राहतं, लॉगआउट व्हावं लागत नाही. माझ्यासाठी एवढा फरक पुरेसा ठरला.

तुमच्याकडे सॉकेटवालं क्वाड्रो आधीच असेल, मशीन फक्त याच कामाला ठेवता येत असेल आणि जुनी डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) न हलवता चालणार असेल, तर ३डी व्हिजन घ्यायला मी नको म्हणणार नाही. चित्र खरंच तेवढं चांगलं आहे. पण रोजच्याच मशीनवर काम करायचं असेल, तर माझा कल पट्ट्यांकडे आहे. एलजीचा डी२३४२पी बघा, त्यात १०८० ओळी मिळतात.

घेताना रिझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि डेस्कटॉपचं स्केलिंग १०० टक्के, नाहीतर ओळी मिसळतात. एचडीएमआयवर ओव्हरस्कॅन (चित्र ताणून कडा कापणारी सोय) बंद करा. एक ओळ काळी, एक पांढरी असं चित्र बनवून पेनड्राइव्हवर न्या आणि पूर्ण पडद्यावर उघडा. चष्मा घालून एकेक डोळा मिटा. एका डोळ्याला सगळा पडदा उजळ आणि दुसऱ्याला सगळा काळोखा दिसायला हवा. कोपऱ्यात कुठे उलटा डाग दिसला तर तिथली फिल्म सुटलेली आहे, तो मॉनिटर घेऊ नका.