नेच्यांच्या नावांचा घोळ सोडवायला ‘वर्ल्ड फर्न्स’ कितपत कामाची?

सह्याद्रीतल्या नेच्यांच्या जुन्या याद्या चाळल्या की एकच वनस्पती तीन नावांनी भेटते: सायक्लोसोरस डेंटाटस, थेलिप्टेरिस डेंटाटा, क्रिस्टेला डेंटाटा. अशा वेळी मायकेल हासलर यांची ‘वर्ल्ड फर्न्स’ ही मोफत ऑनलाइन यादी आधी उघडावी. ग्राह्य (म्हणजे आज मान्य) नावाखाली सगळी पर्यायी नावं, त्यांचे कर्ते (नाव देणारे शास्त्रज्ञ) आणि देशवार प्रसार एकाच ठिकाणी मिळतो. नेच्यांपुरतं बोलायचं तर इतकं नेटकं काम दुसरीकडे नाही.

वंश आणि कुलांच्या बाबतीत ही यादी पीपीजी-१ या नेच्यांच्या अभ्यासकांच्या गटाने २०१६मध्ये केलेल्या वर्गीकरणाच्या जवळ राहते. लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ मात्र कुलं बरीच मोठी धरते. तिथे ड्रायोप्टेरिस थेट पॉलिपोडिएसीत सापडतो. दोन्हींत चूक कोणाचीच नाही, सीमा कुठे आखायची एवढाच वाद आहे. एका अहवालात दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. यादी सतत बदलते, म्हणून आवृत्ती आणि पाहिल्याची तारीख नोंदवाच.

एक्सेलमध्ये नावं जुळवताना हमखास फसगत होते, कारण वंश बदलला की शेवट बदलतो: डेंटाटस, डेंटाटा, डेंटाटम. म्हणून शेवट काढून ‘डेंटाट’ एवढंच शोधा आणि कंसातला कर्ता (मूळ नाव देणारा) ताडून पाहा. मूळ नाव फोर्सकोल यांचं, १७७५चं पॉलिपोडियम डेंटाटम; त्यामुळे वंश कितीही बदलले तरी कंसात फोर्सकोलच राहतात. कंसातला कर्ता वेगळा दिसला तर थांबा, ती दुसरीच वनस्पती असू शकते.

नाव छापल्याचं साल आणि पृष्ठ क्रमांक आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या ऑनलाइन सूचीवर तपासा. तिथे नावाची नोंद मिळते, ग्राह्यतेचा निवाडा नाही. एडिअँटम ल्युन्युलेटम १७६८चं, एडिअँटम फिलिपेन्स १७५३चं. दोन्ही एकच प्रजाती मानली की जुनं नाव टिकतं. हा अग्रक्रम समान दर्जातच चालतो. उपप्रकार म्हणून आधी छापलेल्या नावाचं साल प्रजातीच्या दर्जाला लागू होत नाही.

खरी अडचण कुठलीच यादी सोडवत नाही. चेलँथिस फॅरिनोसा हे नाव येमेनमधल्या नमुन्यावरचं. भारतात पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी दिसली की तेच नाव लावलं जाई. त्यातले बरेच नमुने आता अल्युरिटॉप्टेरिस बायकलर मानले जातात. जुन्या यादीतलं नाव वेबसाइटवर टाकलं तर येमेनच्या वनस्पतीचं आजचं नाव मिळेल, तुमच्या हातातल्या झाडाचं नाही. इथे हर्बेरियम शीटच (कागदावर चिकटवलेला वाळवलेला नमुना) काढावी लागते: देठावरचे खवले आणि पानाची कडा दुमडून झालेलं आवरण भिंगाखाली बघायचं, मग नाव ठरवायचं.

शेकडो नावं असतील तर ‘कॅटलॉग ऑफ लाइफ’वरून डेटा उतरवून घ्या, त्यात नेच्यांसाठी हासलर यांचीच यादी वापरलेली आहे. न जुळलेली नावं हातानेच तपासा. बहुतेकदा कारण स्पेलिंग किंवा गळालेला कर्ता असतं.